वाघाच्या मावशीचा मुक्काम लोणखेडा

खानदेशात आमची गाडी थांबते तिथं कुणीतरी रक्तदानाची चौकशी करतंच. पांढरा रंग, माणूस ताठ उभा राहील एवढं उंच छप्पर, खिडक्यांना पडदे, वर सोलर पॅनल. दोंडाईच्याला चहा घेत होतो तर एक तरुण शर्टाची बाही दंडापर्यंत सारूनच आला. “बी पॉझिटिव्ह चालतंय ना?” त्याच्यासोबतच्या पोराला ती डोळे तपासायची गाडी वाटली होती. नवऱ्यानं दार सरकवून आतलं दाखवलं. ओटा, बेसिन, पलंग, पलंगाखालचे कप्पे आणि जाळीच्या दारामागं पाय पोटाशी घेऊन बसलेली दोन मांजरं. पोरानं बराच वेळ निरखलं आणि विचारलं, “हाऊ मांजरस्ना दवाखाना शे का?”

दवाखाना नाही, घर आहे म्हटल्यावर रक्तदाता हिरमुसला. पोरगं मात्र खूश झालं. मांजरांना घर आहे आणि घराला चाकं आहेत, यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मोठ्या माणसांना पटवायला जास्त वेळ लागतो. आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांना अजून पटलेलं नाही.

गाडी म्हणजे मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून रीतसर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदवलेली. हे ‘रीतसर’ फार महत्त्वाचं, कारण मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीत मनाला येईल ती मोडतोड करता येत नाही, आणि अशा गाड्यांसाठी एआयएस 124 नावाचं वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही काढलं. त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. कल्पना छान आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी अजून तरी तुमचं कॅराव्हॅन पार्क म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी खळं, आणि वीज म्हणजे त्यांच्या ओसरीवरून ओढलेली वायर.

ठमी आणि पंत. ठमी तिरंगी, अंगानं बारीक, स्वभावानं संशयी. पंत काळा बोका. चारही पाय गुडघ्याच्या खाली पांढरे, आणि कपाळापासून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा. हॉटेलवाले यांना घेत नाहीत. नातेवाईक घेतात, पण दुसऱ्या दिवशी सोफ्याकडे बघत राहतात. दोघांना घरी ठेवून गेलं की शेजारच्या मुलीला किल्ली द्यायची आणि रोज तीनदा फोन करायचा. निवृत्तीनंतरचा प्रवास असा फोनवरच व्हायला लागला, तेव्हा ही गाडी आली.

कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. गाडीचं ऐकल्यावर प्रत्येकानं तेच सांगितलं. खरंही आहे ते. पण मांजराचं घर म्हणजे नेमकं काय, हे बघायला कुणी थांबत नाही. भिंती, पत्ता, मजला यांच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या कडेला, टेबलाच्या पायाला, तुमच्या पोटरीला ते गाल घासत फिरतं ते लाडानं नव्हे, किंवा नुसतं लाडानं नव्हे. ते सातबाऱ्यावर नाव चढवत असतं. जिथं आपला वास तिथं आपलं घर. त्या हिशोबानं तीन बेडरूमचा फ्लॅट आणि साडेतीन पावलांची गाडी यात फरक एवढाच की गाडीवर नाव चढवून लवकर होतं.

आमच्या व्हेटनं हेच सांगितलं. प्रवासाचं नाव काढायच्या आधी बरेच आठवडे गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी ठेवून दोघांना रोज संध्याकाळी आत नेलं. जेवण तिथंच. जुनी, न धुतलेली चादर पलंगावर. मऊ फडक्यानं गाल पुसायचे आणि तेच फडकं गाडीच्या कडांवर, ओट्यावर, दाराच्या चौकटीवर फिरवायचं. वॉचमन हे रोज बघायचा. त्यानं माझ्याबद्दल काय मत करून घेतलं असेल ते असो. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवर. मग सोसायटीला एक चक्कर. मग पंपापर्यंत. पंत पहिल्यापासून डॅशबोर्डवर मालकी सांगू लागला. ठमीनं मात्र पंपापर्यंतच्या रस्त्यात एवढी लाळ गाळली की चादर बदलावी लागली. मांजरालाही गाडी लागते. लाळ, सतत ओठ चाटणं, मग एक लांब घोगरा सूर, आणि त्यानंतर तुम्हाला फार तर अर्धा मिनिट मिळतो. निघायच्या आधी चार-पाच तास पोट रिकामं ठेवलं की हे बरंच टळतं.

चालत्या गाडीत दोघं आपापल्या कॅरिअरमध्ये, आणि कॅरिअर पट्ट्यानं बांधलेले. यात सवलत नाही. डॅशबोर्डवर झोपलेल्या मांजराचे फोटो लोकांना फार आवडतात. पण जोराचा ब्रेक लागला तर तेच मांजर काचेवर आपटेल, नाहीतर ड्रायव्हरच्या पायाखाली, थेट ब्रेकच्या पेडलमागं शिरेल. डॅशबोर्ड गाडी थांबल्यावर.

नाशिकहून पहाटे निघालो. राहूडचा घाट, मालेगाव, धुळं हा आग्रा रोड म्हणजे ट्रकांची रांग, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांपाशी डावीकडे वळलं की मुलूख बदलतो. रस्ता मोकळा होतो, कपाशी दिसायला लागते. दोंडाईच्याच्या बाजारात मिरची आलेली होती. आम्ही दोघं नाकाला रुमाल लावून बसलो आणि मागून ठमीच्या शिंका ऐकू येऊ लागल्या, एकामागून एक, बारीक, रागावलेल्या. पुढं सारंगखेड्याला तापी ओलांडली. बॅरेजमुळे पाणी तुडुंब. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी ही नदी. सह्याद्रीतून उतरून बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या गोदावरी-कृष्णेची सवय असलेल्या माणसाला तिच्या काठावर दिशांचा थोडा घोळ होतोच. काठाला घोड्यांचे तंबू दिसत होते. दत्त जयंतीची यात्रा तोंडावर आली होती. पण आधी लोणखेडा.

लोणखेडा शहाद्याला इतकं लागून आहे की परक्याला दोन गावं वेगळी काढता येत नाहीत. बायपासची वर्दळ, शिक्षण संस्थेचं मोठं आवार, तिथून सुटलेल्या मुलामुलींच्या सायकली, आणि त्यांच्यामागं लगेच सुरू होणारं शेत: ऊस, केळी, पपई. पपईच्या बागा मी एवढ्या मोठ्या कुठं पाहिल्या नव्हत्या. झाडांवरची फळं उन्हापासून वाचावीत म्हणून वरून कापड पांघरलेल्या ओळीच्या ओळी. नवऱ्याचे बँकेतले जुने सहकारी निवृत्त होऊन इथं शेतात राहतात. आम्ही दोघंही त्यांना अण्णा म्हणतो. गुजर कुटुंब, घरात आपसात गुजरी, आमच्याशी मराठी, आणि गड्यांशी अहिराणी नाहीतर पावरी. वहिनी एका वाक्यात तीन भाषा फिरवतात आणि चौथ्या माणसाला चहा विचारतात.

अण्णांच्या आई ओसरीवर बसल्या होत्या. गाडीचं दार उघडलं, आतून पंतानं त्यांच्याकडे पाहिलं. मला जरा धाकधूक होती, कारण जुन्या माणसांत मांजराची धास्ती असते. आडवी गेली की दोन पावलं मागं. आजींनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. मांजर आडवी गेली तर थांबायचं, पण ही तर गाडीत बसून सोबत आली, मग आडवी जाणार कुणाला? आणि वर, मांजर हे सटवाईचं वाहन, देवीच्या वाहनाला वाहनात बसवलंत, पुण्यच आहे. एवढा बिनतोड युक्तिवाद मी तरी कुठं ऐकला नव्हता. त्यानंतर आजी दोघांना दुधाबद्दल विचारू लागल्या. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि साडेतीन पावलांच्या गाडीत जुलाब म्हणजे काय हे सांगायला नको. पण हे त्यांना कसं पटवणार? मांजर डोळे मिटून दूध पितं, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत. शेवटी वहिनींनी दही-भाताचा चमचाभर घास समोर ठेवून तडजोड केली. पंतानं वास घेतला आणि पुढच्या पंजानं जमीन खरवडून त्यावर नसलेली माती लोटली.

आम्हाला गाडी उसाच्या बांधावर, आंब्याखाली लावायची होती. सावली चांगली, वाऱ्याची दिशा चांगली, सकाळी खिडकीतून सातपुडा दिसला असता. अण्णा सरळ नाही म्हणाले. “अंगणात आणा, ओसरीला लागून. तिकडे रात्री वाघ फिरतो.”

वाघ म्हणजे बिबट्या. इथं कुणी बिबट्या म्हणत नाही. शहादा-तळोदा भागात गेल्या काही वर्षांत तो शेतात राहायला आला आहे आणि त्यानं माणसं, लहान मुलंही मारली आहेत, त्यामुळे अण्णांच्या आवाजात गंमत नव्हती. ऊस वर्षभर उभा असतो, पुरुषभर उंच, आत पाणी, सावली, रानडुकरं, आणि कडेला वस्त्या. बिबटीण तिथंच पिलं घालते. ऊस तोडायला आला की सरीत पिलं सापडतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उसातल्या बिबट्यांचा अभ्यास केला होता. विष्ठा तपासून त्यांनी काढलं की त्यांच्या खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के, आणि मांजरांचा 15. शेळ्या तिथं कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा 11 टक्केच, कारण शेळी रात्री कोंडलेली असते. वाघाची मावशी म्हणतो आपण मांजराला. भाचा मावशीला खातो, हे त्या म्हणीत नाही.

गाडी अंगणात घेतली. वायर ओसरीवरून आली. मग आमचा रोजचा क्रम सुरू झाला, आणि तो कुठंही गेलो तरी बदलायचा नाही हा आमचा एकमेव नियम. गाडी थांबली की आधी लिटरचा ट्रे पलंगाखालच्या त्याच कप्प्यात. मग पाणी, त्याच जागी, त्याच स्टीलच्या वाटीत. मग जाळीचं दार लावून कॅरिअर उघडायचे. पंत लगेच बाहेर येतो, एकेक कोपरा हुंगतो, सगळं कालच्या ठिकाणी आहे याची खात्री करतो आणि डॅशबोर्डवर चढून नवीन गाव बघतो. ठमी तासभर कॅरिअरमध्येच. तिला बाहेर ओढायचं नाही, बोलवायचंही नाही. काचेबाहेर नाशिक असो की लोणखेडा, आतलं गाव तेच, हे तिला तिचं तिनं ठरवू द्यायचं.

डिसेंबर निवडला तो मुद्दाम. मांजराला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तेवढ्यानं अंग थंड होत नाही. अंगातलं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. कुत्र्यासारखी तोंड उघडून धाप लागली तर समजावं की प्रकरण हाताबाहेर चाललंय. खानदेशच्या मे महिन्यात बंद गाडी म्हणजे भट्टी. एसी इंजिनावर चालतो, आणि सोलरवर फक्त छपराचा पंखा. हिवाळ्यात मात्र इथल्या रात्री अशा गार की पहाटे दोघंही आमच्या पांघरुणात होती. पंत पायाशी, ठमी माझ्या कोपराच्या खोबणीत. बाहेर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रात्रभर ये-जा. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर साखर कारखाना, पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला. हंगामात सगळा तालुका त्याच्या तालावर झोपतो आणि उठतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून मोठ्ठे स्पीकर. पहिला स्पीकर गेला तेव्हा ठमी ओट्याखालच्या फळीमागं अशी घुसली की तिला काढायला नवऱ्याला स्क्रू खोलावे लागले असते. आम्ही खोलले नाहीत. तिसऱ्या ट्रॅक्टरला ती स्वतःच बाहेर आली. चौथ्याला तिनं नुसता कान हलवला.

मध्यरात्र उलटून गेल्यावर कधीतरी मला जाग आली ती पंताच्या आवाजानं. तो ओरडत नव्हता. घशात खोल कुठंतरी एक सलग गुरगुर चालली होती. खिडकीच्या कट्ट्यावर उभा, शेपूट फुलून बाटली धुवायच्या ब्रशएवढी झालेली, नजर उसाच्या दिशेला. वस्तीवरची कुत्री भुंकत होती ती एकदम थांबली. मी पडदा ओढून घेतला, का ते माहीत नाही. काचेतून बिबट्या येणार नव्हता. पंतानं पडद्याखालून डोकं घातलं आणि गुरगुर चालूच ठेवली. जन्मापासून तिसऱ्या मजल्यावर वाढलेला बोका. कबुतरापेक्षा मोठं जनावर त्यानं पाहिलेलं नाही. त्याला कुणी सांगितलं होतं?

सकाळी अण्णा ठिबकच्या नळीपाशी पंजाचा ठसा दाखवायला घेऊन गेले. कुत्र्याच्या पंजाला नखांच्या खुणा उमटतात, मांजरकुळात नखं आत ओढलेली असतात. चिखलातला ठसा नखांविना होता. पंताचा पंजा त्यावर ठेवून बघावा, असं मला फार वाटलं. ठेवला नाही.

ऊसतोडीच्या कोप्या अण्णांच्या शेतापासून जवळच पडल्या होत्या. वहिनी तिकडे भाकरीचं पीठ द्यायला निघाल्या तेव्हा मीही गेले. उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या बसक्या झोपड्या, समोर चुली, बाजूला टायरगाड्या आणि वाढं खात बसलेले बैल. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच मुकादमाकडे नोंद होते आणि त्यावरच उचल मिळते. इथले बरेचसे लोक धडगावकडचे पावरा आणि भिल्ल. त्या डोंगरातून पिढ्यान् पिढ्या माणसं खाली उतरतात. काही इथल्या कारखान्यांना, पुष्कळशी पार गुजरातेत बारडोली-सुरतेकडे. 1972 च्या सुमारास याच शहाद्यात श्रमिक संघटना आणि अंबरसिंग सुरतवंतींनी आदिवासींच्या जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढा उभा केला होता. वहिनींचं लहानपण त्या मोर्च्यांच्या घोषणा ऐकत गेलं. त्या घराच्या अलीकडून ऐकत होत्या, कोपीतल्या बायका पलीकडून. दोघींमध्ये आता पिठाची देवघेव आहे, हिशोब मिटला आहे असं मात्र मला वाटलं नाही.

एका कोपीत गोधडीवर मांजर झोपलं होतं. राखाडी, कान फाटलेलं. मी वहिनींना विचारायला लावलं, हे इथलं की यांचं? बाई हसल्या. यांचंच. दरवर्षी येतं. कोपीत ज्वारी-मक्याची पोती असतात, उंदीर होतात, मग मांजर नको? गाडीत कसं आणता? कोंबड्या झाकायच्या डाल्यात. आणि पळून नाही जात? बाईंनी वहिनींकडे असं पाहिलं की ही बाई शिकलेली आहे ना. मग सावकाश समजावलं: खाली उतरलं की सगळ्यात आधी गोधडी काढायची, मग तवा. गोधडीवर डालं उघडायचं. रात्रभर कोपीचं दार पाचटानं बंद. सकाळी ते आपणच चुलीजवळ येऊन बसतं. धुतलेली गोधडी चालत नाही.

व्हेटनं सांगितलेलं सगळं यात होतं. पार्किंगमधले आठवडे तेवढे नव्हते. फीही नव्हती. बाईंना मी आमच्या गाडीबद्दल सांगितलं. दोन माणसं, दोन मांजरं, काम कोणतंच नाही, नुसतं फिरायचं. हे भाषांतर करताना वहिनी अडखळल्या. बाईंनी एकच विचारलं: मग तुमच्यात उंदीर असतात का? नाहीत म्हटल्यावर त्या मांजरांची त्यांना कीव आली असावी.

मांजरांचा प्रवास ही काही आजची हौस नाही. गलबतांवर धान्य होतं आणि धान्याला उंदीर होते, म्हणून मांजरानं सगळे समुद्र पाहिले. मॅथ्यू फ्लिंडर्सनं 1801 ते 1803 या काळात ऑस्ट्रेलियाला वळसा घालून किनाऱ्याचे नकाशे केले, तेव्हा जहाजावर ट्रिम नावाचा बोका होता. 1799 मध्ये जहाजावरच जन्मलेला. त्याला घर म्हणजे काय तर हलणारी फळी. तोही काळा, पांढऱ्या पायांचा. 1804 मध्ये फ्लिंडर्स मॉरिशसला फ्रेंचांच्या कैदेत असताना ट्रिम नाहीसा झाला, आणि फ्लिंडर्सनं पुढं त्याच्यावर एक मृत्युलेख लिहिला. सिडनीत स्टेट लायब्ररीच्या खिडकीत आज त्याचा पुतळा आहे, धन्याच्या पुतळ्याच्या मागं. लोक धन्यापेक्षा बोक्याचे फोटो जास्त काढत असावेत, असा माझा अंदाज.

मधे एक दिवस तोरणमाळला गेलो. म्हसावद, राणीपूर, मग सात पायरीचा घाट. वळणं अशी की नवऱ्यानं गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. ठमीनं घाटात डोळे मिटून घेतले आणि यशवंत तलावापाशी थांबेपर्यंत उघडले नाहीत. पंताला हार्नेस घालून तलावाच्या काठी सोडला तर तो दोन पावलं चालून आडवा पडला. हार्नेस घातलेलं मांजर आपले पाय गेले असं समजतं. सीताखाईच्या कड्यावर न जाता आम्ही सूर्य कलायच्या आत घाट उतरलो.

परतीच्या वाटेवर सारंगखेड्याची यात्रा होती. एकमुखी दत्ताचं मंदिर, आणि तापीकाठी देशातल्या मोठ्या घोडेबाजारांपैकी एक. मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे पांढरे नुकरा. मांजरांना घेऊन जत्रेच्या गर्दीत शिरायचा प्रश्नच नव्हता. लाउडस्पीकर, धूळ, पाळणे. म्हणून सूर्य उगवायच्या वेळेला, बाजार जागा व्हायच्या आत, मैदानाच्या कडेला गाडी लावली. घोड्यांना खरारा चालला होता. नाकपुड्यांतून वाफा. एका ट्रकच्या हौद्यात खाली दोन घोड्या बांधलेल्या आणि वर आडव्या फळ्या टाकून त्यावर माणसं झोपलेली, चूल ट्रकच्या सावलीत. व्यापारी असेच महिनोन् महिने या जत्रेहून त्या जत्रेला जातात. आमच्यासारखी गाडी बांधायला त्यांना मानकाची गरज लागलेली दिसत नव्हती.

मी कांदा-लसूण आणायला गेले आणि आले तो गाडीच्या तोंडाशी दहा-बारा माणसं. पंत डॅशबोर्डवर. समोर एक म्हातारे घोडेवाले, डोक्याला मोठं पागोटं, हातात छडी. काचेवर छडीचं टोक हलकेच टेकवत सगळ्यांना दाखवत होते: हा एक पाय पांढरा, हा दुसरा, मागचे दोन, आणि तोंडावरचा पट्टा. “हाऊ ते पंचकल्याणी शे!”

चार पाय आणि मुखावर पांढरं असलेला घोडा म्हणजे पंचकल्याणी, शुभ, आणि बाजारात त्याला वेगळा भाव. बोक्याला तो नियम लावायचं आजवर कुणाला सुचलं नसावं. म्हातारबांनी नवऱ्याला काच खाली करायला लावली, पण आम्ही बोटभरच केली. मग त्यांनी वाकून मानेखालचा भोवरा शोधला. तिथं भोवरा असला की देवमण, म्हणजे आणखी चांगलं. पंतानं हनुवटी वर केली. त्याला वाटलं खाजवणार आहेत. भोवरा आहे की नाही यावर दोघा-तिघांचं एकमत होईना. दात बघायचे का, असंही कुणी म्हणालं. पंतानं त्याच क्षणी मोठी जांभई दिली आणि वयाचा प्रश्न निकालात निघाला.

“इकाना शे का?”

नवरा हसला. म्हातारबा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायची रीत आम्ही ऐकून होतो, केली नव्हती. नवऱ्यानं संकोचत हात आत घातला. रुमाल थोडा हलला. माझ्याकडे वळून तो म्हणाला, “तीन बोटं दाबली. तीन काय?”

“रुपये,” मागून कुणीतरी म्हणालं. “हजार,” दुसरा म्हणाला. घोड्यांमध्ये तीन म्हणजे लाख असतात, हे सांगायला एक पोरगा उत्सुक होता. म्हातारबा गप्प, सौदा दोघांतला. नवऱ्यानं हात काढून घेतला, कान पकडले आणि सांगितलं, माफ करा बाबा, विकायचा नाही.

“इकाना नही ते जत्रामा आना कसाले?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हातारबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि निकाल दिला: सौदा मोडणाऱ्यानं चहा पाजायचा. दहा-बारा जणांचा चहा आम्ही पाजला. चहात साखर मजबूत होती. दोन कप झाल्यावर त्यांनी जाताजाता नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुमची ती दुसरी, तिरंगी, तिला काही भाव येणार नाही. पण उंदरांना ती धरेल, हा धरणार नाही.